पुरेसं

करागांदा. काचेवर आतून बर्फ साचलेलं.
हान बाईंनी बोटाच्या नखानं आडवी रेघ ओढली,
रेघेवर दोन खुणा केल्या, दोन आणि पाच.
"ही मुळं. आता सांग, शून्याहून लहान कुठे?"

मेरुएर्तच्या डोळ्यांत अजून
खाणीच्या कंट्रोल रूममधले दिवे लुकलुकत होते.
बारा तासांची पाळी, मग दोन बस, मग हे स्वयंपाकघर,
तिखट गाजराचा वाडगा, आणि क्षचा वर्ग
वजा सात क्ष अधिक दहा.
"मध्ये," ती म्हणाली.
"मग मधलं पूस."

तळहातानं तिनं दोन ते पाच पुसलं.
तेवढ्या पट्टीतून अंगण दिसलं,
उलटी ठेवलेली घसरगाडी, कोळशाची काळपट वाट,
दारात पाय आपटत उभा असलेला कोणीतरी.

प्रश्न वेगळाच होता:
क्षचा वर्ग क्षहून लहान आहे का?
म्हणजे क्ष शून्य आणि एकच्या मध्ये अडकलाय का?
ही तर दोनच्याही पुढची गोष्ट.
तिनं वहीत लिहिलं: विधान एक, अपुरं.

"का गं?"
"उत्तर 'नाही' येतंय."
"दर वेळी?"
"दर वेळी."
"मग झालं की! ठाम 'नाही' पुरेसंच असतं.
अपुरं म्हणजे कधी हो, कधी नाही.
अपुरं म्हणजे 'बघू'."

बघू.
रजेच्या अर्जावर साहेब म्हणाले होते, बघू.
सासू म्हणाली होती, परीक्षा तर दे, मग बघू.
मेरुएर्तनं गाजराचा घास तसाच गालात धरला.

मराठीत मी त्याला क्ष म्हणते.
मुळाक्षरांच्या पार टोकाला उभा,
त्याच्यापुढे फक्त ज्ञ.
पण इथे तिथवर जायचंच नाही.
क्ष किती, हे कुणी विचारलेलंच नाही.
विचारलंय एवढंच, की सांगता येईल का.
चौदा वर्षं शाळेनं तिला उलटं शिकवलं:
शोध, शोध, खाली दोन रेघा मार.

हान बाईंनी पहिल्या विधानावर बशी पालथी घातली.
"हा साक्षीदार बाहेर गेला. आता दुसऱ्याला बोलाव."
क्षचा वर्ग चारहून मोठा.
"क्ष दोनहून मोठा," मेरुएर्त झटकन बोलली.
बाईंचं बोट रेघेवरून डावीकडे सरकलं,
शून्य ओलांडून, वजा दोनच्याही पलीकडे,
खिडकीच्या चौकटीपर्यंत.
"आणि इकडची माणसं? थंडीत उभी आहेत कधीची."

तिकडेही वर्ग क्षहून मोठाच. तिकडेही 'नाही'.
दोन साक्षीदार, एकमेकांचं तोंड न बघता
एकच गोष्ट सांगून गेले.
एकेकटा पुरेसा.
एक मिनिट पन्नास सेकंद.

मग तिनं न विचारताच बशी पुन्हा उचलली,
टेबलावर दुसरीकडे ठेवली,
जिथे वही नव्हती.
"विधान एक: पोलंडहून पैसे येतात, पाच तारखेच्या आत.
विधान दोन: सप्टेंबरपासून त्यानं फोनवर चेहरा दाखवला नाही.
प्रश्न: येणार का?"

किटली शिट्टी देऊन गप्प झाली.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.
"एकेकटं?"
"नाही पुरत."
"दोन्ही मिळून?"
मेरुएर्तनं बराच वेळ घेतला.
घड्याळ चालूच होतं, कुणी थांबवलं नाही.
"दोन्ही मिळूनही नाही."
"मग पाचवा पर्याय," हान बाई म्हणाल्या,
"त्यालाही पूर्ण गुण असतात.
फक्त तो लिहून पुढच्या प्रश्नाकडे जायचं असतं.
तेवढंच अवघड."

शनिवारी अस्ताना, सकाळी नऊ, ओळखपत्र विसरू नकोस.
टोपी कानांवर ओढून ती खाली उतरली.
अंगणातून वर बघितलं:
पट्टीच्या कडा पुन्हा पांढऱ्या होऊ लागल्या होत्या,
बाहेरून आकडे उलटे, पाच डावीकडे, दोन उजवीकडे,
मध्ये पिवळा उजेड
आणि त्यात बाईंचा हात, बशी धुताना.

बस आली. ही तिची नव्हती.